विजापूरचा गोलघुमट: चौकोनी भिंतींवर गोल छत कसं टेकलं

सोलापूरहून शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरचं, म्हणजे आजच्या विजयपुराचं नाव निघालं की गोलघुमट, सात-आठ वेळा घुमणारा आवाज आणि "जगात दुसऱ्या नंबरचा घुमट" एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. नंबराचा भाग बाजूला ठेवू. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाचा व्यास 142 फूट आहे. गोलघुमटाचा आतला व्यास 124 फूट 5 इंच, म्हणजे त्याहून कमी. पण घुमटाखाली अखंड, एकही खांब नसलेली जागा मोजली तर पँथिऑनमध्ये 15,833 चौरस फूट भरते आणि विजापुरात 18,000 हून जास्त. घुमट लहान आणि खालची जागा मोठी, हे कसं जमलं? या इमारतीचं खरं कर्तृत्व त्या उत्तरात आहे.

दालन चौकोनी आहे. आतून प्रत्येक बाजू 135 फूट 5 इंच, भिंतींची जाडी दहा फुटांच्या आसपास. त्यावर बसवायचा घुमट बाहेरून 144 फूट व्यासाचा, तोही दहा फूट जाड. आता मधल्या बिंदूपासून अंतरं मोजू. भिंतीची आतली कड मध्यापासून जवळजवळ 68 फुटांवर येते. घुमटाची आतली कड 62 फुटांवर आणि बाहेरची 72 फुटांवर. म्हणजे भिंतीच्या अगदी मधोमधसुद्धा घुमटाच्या जाडीतले फक्त चार-साडेचार फूट भिंतीवर येतात, उरलेले पाच-साडेपाच फूट आत अधांतरी राहतात. कोपऱ्याकडे तर परिस्थिती आणखी बिकट. तिथे भिंतींचा कोन मध्यापासून जवळजवळ 96 फूट लांब आहे आणि घुमट 72 फुटांवरच संपतो. तिथे त्याच्याखाली भिंत नाहीच.

वजनाचा अंदाजही घेऊ. घुमट जवळपास अर्धगोल आहे. त्या हिशेबानं विटा-चुन्याचं घनफळ सुमारे 7,900 घनमीटर येतं. घनमीटरला 1.8 टन धरले तर हा बोजा 14 हजार टनांच्या घरात जातो. एवढं ओझं जमिनीपासून 109 फूट 6 इंच उंचीवर ठेवायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं भिंतीच्या आत, रिकाम्या जागेवर.

उपाय कागदावर काढून बघण्यासारखा आहे. दहा सेंटीमीटर बाजूचा एक चौरस काढा. त्याच मध्यावर, त्याच मापाचा दुसरा चौरस 45 अंशांनी फिरवून काढा. आठ टोकांची चांदणी तयार होईल आणि तिच्या पोटात अष्टकोन दिसेल. बाहेरची आठ टोकं 14 सेंटीमीटरच्या वर्तुळावर बसतात, तर आतल्या अष्टकोनात 10 सेंटीमीटरचं वर्तुळ मावतं. नुसत्या रेषा एकमेकींना छेदून 14 चं माप 10 वर आलं.

गोलघुमटात या रेषांच्या जागी कमानी आहेत. भिंतींच्या कडेनं आठ पाय आहेत. प्रत्येक पायातून दोन कमानी दोन दिशांना निघतात, शेजारच्यांना छेदतात आणि पलीकडच्या पायावर उतरतात. अशा एकूण आठ कमानी. जमिनीपासून 57 फुटांवर ही बांधणी आत झुकायला लागते. कमानींमधल्या जागा वीट-चुन्यानं भरत भरत वर नेल्या आहेत, आणि 109 फुटांवर पोचेपर्यंत 135 फुटांच्या चौकोनाचं 97 फूट व्यासाचं गोल तोंड झालेलं असतं. 135 ला 97 नं भागलं की 1.39 येतात. कागदावरची चांदणी आणि ही इमारत यांचं प्रमाण जवळजवळ एकच आहे.

पण घुमट या 97 फुटांच्या काठावर उभा केलेला नाही. तो तेरा-चौदा फूट मागे सरकवून बसवला. त्यामुळे आतल्या बाजूनं अकरा-बारा फूट रुंदीचा गोल सज्जा मोकळा राहिला. लोक टाळ्या वाजवतात तो हाच. आवाजासाठी हा सज्जा मुद्दाम काढला, असं अनेकदा सांगितलं जातं. बांधकामाच्या अंगानं पाहिलं तर सज्जा म्हणजे कमानींनी आत आणलेली बैठक आणि घुमटाचा पाय यांमध्ये उरलेली जागा आहे. आवाजाची गंमत त्यातून मिळाली.

घुमट एवढा मागे घेण्याचं कारण आहे. पत्त्यांच्या बंगल्यातले दोन पत्ते एकमेकांना टेकवले की त्यांची खालची टोकं बाहेर सरकू पाहतात. घुमटाचंही तेच होतं, फक्त सगळ्या दिशांना. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण 52 अंशांपर्यंतचा भाग सगळीकडून दाबला जातो. त्याखालचा पट्टा मात्र ताणला जातो, उभ्या चिरा पडून फाकायला बघतो. वीट आणि चुना दाब सहन करतात, ताण करत नाहीत. आज आपण त्या पट्ट्यात लोखंडी सळ्यांचं कडं घालू. सतराव्या शतकात ओझ्यालाच ओझ्यानं उत्तर द्यायचं होतं.

ते उत्तर त्या झुकलेल्या कमानींत आहे. भिंतीच्या आत लोंबणारी ही सगळी बांधणी स्वतःच्या वजनानं आत पडू पाहते. घुमट बाहेर रेटतो, कमानी आत ओढतात, आणि दोन्ही जोर घुमटाच्या पायाशी एकमेकांना भेटतात. उरलेला रेटा दहा फुटी भिंत घेते. म्हणूनच बाहेरून कुठेही मोठे टेकू लावावे लागलेले नाहीत. चार कोपऱ्यांवरचे सात मजली अष्टकोनी मनोरे पाहून ते घुमटाला आधार देत असावेत असं वाटतं, पण ते पोकळ आहेत आणि त्यांच्या पोटात जिने आहेत. जेम्स फर्ग्युसन या एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुइतिहासकारानं ही मापं मांडताना नेमकं या तोलाचं मनापासून कौतुक केलं होतं.

घुमटात विटांचे थर आडवे आहेत आणि त्यांच्यामध्ये भरपूर चुना. गोल बांधकामाचा फायदा असा की एक कडं पुरं झालं की त्यातल्या विटा एकमेकींना आत पडू देत नाहीत आणि पुढचा थर त्यावर चढवता येतो. चुना सावकाश कडक होतो. हा उशीर कामाचा असतो, कारण एवढी मोठी इमारत बसताना थोडीफार हलते आणि चुना ती हालचाल भेगा न पाडता पचवतो. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत सिमेंट घातक ठरतं ते याचसाठी. सिमेंट कडक असतं, दबत नाही, आणि आत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडू देत नाही. अडकलेली ओल मग शेजारचा जुना चुना पोखरते. घुमटाच्या खाचेत रुजलेलं पिंपळाचं रोप दिसायला किरकोळ, पण त्याची मुळं चुन्याच्या सांध्यांतूनच वाट काढतात. वेळीच उपटलं तर हाताने निघतं, चार वर्षांनी दगड सरकवल्याशिवाय निघत नाही.

आता आवाज. सज्ज्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली म्हणजे प्रतिध्वनी. सज्ज्यावरून वाजवलेली टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला 38 मीटर जाणं आणि 38 मीटर येणं, म्हणजे 76 मीटर कापते. सेकंदाला 345 मीटर या वेगानं त्याला 0.22 सेकंद लागतात. दोन आवाजांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर असलं की कानाला ते वेगळे ऐकू येतात. इथे त्याच्या दुप्पट अंतर मिळतं, म्हणून टाळ्या सुट्या सुट्या मोजता येतात. घुमटाचा वळसा विखुरलेला आवाज पुन्हा एकत्र आणतो, त्यामुळे तो लवकर विरत नाही. शांतता असेल तर दहा वेळासुद्धा मोजता येतो.

दुसरी गोष्ट कुजबुज. भिंतीला तोंड लावून हळू बोललं की समोरच्या टोकाला कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट कळतं. हा आवाज दालन ओलांडून जात नाही. तो वक्र भिंतीला घासत, कडेकडेनं जवळजवळ 195 फूट फिरून पोचतो. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की जोर चौथ्या हिश्शावर येतो. भिंतीला धरून जाणारा आवाज एवढा पसरत नाही, अंतर दुप्पट झालं तर जोर साधारण निम्मा होतो. त्यातही बारीक, उच्च स्वर भिंतीला जास्त चिकटून राहतात. खर्जातल्या आवाजापेक्षा कुजबुज, कागद फाडणं, घड्याळाची टिकटिक जास्त चांगली पोचते ती यामुळे.

बहुतेकांना हे ऐकू येत नाही त्याला तीन कारणं आहेत: मधोमध तोंड करून ओरडणं, भिंतीपासून लांब उभं राहणं, आणि गर्दी. शाळांच्या सहली वर पोचल्या की प्रत्येक आरोळी दहापट होते आणि काहीच कळेनासं होतं. सकाळी दार उघडताच जावं. एकानं भिंतीच्या कडेला तोंड करून, भिंतीच्या रेषेत बोलावं, दुसऱ्यानं बरोबर समोर कान भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. मनोऱ्यातले जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधीच ठरवावं, कारण मध्येच उलटं फिरणं अवघड होतं.

हे सगळं ज्याच्या कबरीसाठी झालं तो विजापूरचा सुलतान मोहम्मद आदिलशाह. 1627 ते 1656 ही त्याची कारकीर्द. मराठी वाचकांना हा काळ दुसऱ्या बाजूनं माहीत असतो. 1636 च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत आले, आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकच्या मोहिमांवर गेले, बंगळूरला स्थिरावले. शिवाजी महाराजांनी मावळात पहिली पावलं टाकली तेव्हा विजापूरच्या तख्तावर हाच सुलतान होता. दक्षिणी दारावरच्या फारसी लेखात तीन वाक्यं आहेत. फारसीत प्रत्येक अक्षराला एक अंक मानतात; त्या हिशेबानं प्रत्येक वाक्याच्या अक्षरांची बेरीज 1067 येते. हे हिजरी साल, म्हणजे इसवी 1656, सुलतानाच्या मृत्यूचं वर्ष. आतल्या चौथऱ्यावर सहा कबरी दिसतात: सुलतान, त्याच्या दोन राण्या, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत, वरच्या फक्त खुणेच्या. इमारतीचा रचनाकार म्हणून परंपरेनं याकूत दाभोळी हे नाव घेतलं जातं. दाभोळ हे कोकणातलं आदिलशाही बंदर.

शहराची घडण मात्र त्याच्या आधीच्या तिघांनी केली. पहिला इब्राहीम (1534 ते 1558) यानं महसुली दफ्तरातली फारसी बाजूला करून देशी भाषेत हिशेब ठेवायला लावले आणि कारभारात इथल्या ब्राह्मण कारकुनांचं वजन वाढलं. त्याचा मुलगा पहिला अली यानं 1565 च्या तालिकोटच्या लढाईच्या सुमारास शहराचा सव्वासहा मैलांचा कोट पुरा केला. अलीची बेगम म्हणजे अहमदनगरच्या हुसेन निजामशाहची मुलगी चांदबीबी. तिच्या नावाची चांदबावडी 1579 ची आहे. वर्षभरात अली मारला गेला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या आला आणि त्याच्या वतीनं चांदबीबीनं कारभार पाहिला. 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी सगळ्यांना माहीत असते. राज्य चालवायचं शिक्षण तिला विजापुरात मिळालं, हे कमी सांगितलं जातं.

तो नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे दुसरा इब्राहीम, लोकांचा जगद्‌गुरू. 1627 पर्यंत त्यानं राज्य केलं. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दख्खनी गीतांचा ग्रंथ, रागांप्रमाणे लावलेला, आणि त्यात सरस्वतीचं स्तवन आहे. कोटाबाहेर पश्चिमेला इब्राहीम रोझा आहे. रोझा म्हणजे कबरीची इमारत. मूळ आपल्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी सुरू झालेला, पण राजाच तिच्याआधी गेला. मलिक संदल हा त्याचा रचनाकार. तिथली नक्षी सगळे पाहतात. कबरीच्या खोलीत गेल्यावर मान वर करून छत मात्र नीट बघावं. 40 फूट बाजूच्या खोलीवर दगडी छत आहे, कडेला वळलेलं आणि मधला मोठा भाग सपाट. खालून ना तुळई, ना कमान. दगड शेजारी शेजारी लावले आहेत आणि त्यांना वरच्या बांधकामातल्या चुन्यानं धरून ठेवलं आहे. मला विचाराल तर धाडस म्हणून हे छत गोलघुमटाच्या खालोखाल आहे.

एवढ्या शहराला पाणी कुठून आलं, हा प्रश्न पर्यटक सहसा विचारत नाहीत. विजापूर कोरड्या पठारावर आहे, जवळ मोठी नदी नाही. पश्चिमेकडच्या तोरवीहून जमिनीखालच्या बोगद्यानं पाणी आणलं गेलं. दक्षिणेला 1651 मध्ये मोहम्मद आदिलशाहनं बेगम तलाव बांधला आणि तिथून खापरी नळ शहरात गेले. या नळांच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे दिसतात, त्यांना गंज म्हणतात. त्यांचं काम समजायला एक आकडा पुरतो: पाणी दहा मीटर खाली उतरलं की नळातला दाब एका वातावरणानं, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. भाजक्या मातीच्या नळाचे सांधे एवढा दाब फार काळ सोसत नाहीत, फुटतात. म्हणून मध्ये मध्ये पाणी मनोऱ्यात वर चढू द्यायचं, वरच्या उघड्या टाकीत दाब मोकळा करायचा, आणि दुसऱ्या नळानं पुन्हा खाली सोडायचं. नळात अडकलेली हवा तिथेच निघून जाते, नाहीतर हवेचा फुगा प्रवाह अडवतो. गाळही मनोऱ्याच्या तळाशी बसतो आणि काढता येतो. गाळ काढणं थांबलं की नळ भरत जातो आणि एका गंजाच्या पुढची सगळी वस्ती कोरडी पडते. पुण्यात कात्रजहून आणलेल्या पेशवेकालीन नळावरचे उच्छ्वास नावाचे मनोरे याच कुळातले. विजापुरात विहिरी जोडीला होत्याच. ताज बावडीची (1620) कमान आणि दोन्ही बाजूंचे बुरूज पाहिले की पाण्याला किती मान होता ते दिसतं.

ताज बावडीच्याच बाजूला, पश्चिम कोटाच्या शेरझा बुरुजावर मुलुखमैदान तोफ आहे. ती विजापूरची नव्हे. 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी या तुर्की कारागिरानं ती ओतली. लांबी 14 फूट 4 इंच, नळीचं तोंड 2 फूट 4 इंच, वजन 55 टनांच्या आसपास. तालिकोटच्या लढाईत ती वापरली गेली, मग परांड्याच्या किल्ल्यावर राहिली. 1632 मध्ये तिथून विजापूरला आणली ती आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं, पुण्यावर गाढवांचा नांगर फिरवणाऱ्या त्याच मुरारपंतानं. धातूत चार भाग तांबं आणि एक भाग कथील आहे. तोफेच्या धातूत साधारण दहा टक्के कथील पुरतं; वीस टक्के हे घंटेचं प्रमाण. त्यामुळे थाप मारली की ती घंटेसारखी वाजते. एवढं कथील धातूला कडक करतं, पण ठिसूळही करतं, म्हणून नळीची भिंत फूटभराहून जास्त जाड ठेवावी लागली. 1854 मध्ये ती लिलावात फक्त 150 रुपयांना गेली होती. सुदैवानं विक्री रद्द झाली.

ही ठिकाणं पूर्व-पश्चिम अशी पसरली आहेत. गोलघुमट रेल्वे स्टेशनजवळ पूर्व टोकाला, ताज बावडी, शेरझा बुरूज आणि इब्राहीम रोझा पश्चिम टोकाला. सकाळी लवकर गोलघुमट, त्याच्याच नगारखान्यातलं संग्रहालय, मग शहरातून पश्चिमेकडे, आणि दुपार उतरल्यावर रोझा, असा क्रम सोयीचा पडतो. तिरपं ऊन आत आलं की रोझाच्या भिंतींवरची अक्षरं जास्त उठून दिसतात. अफजलखानाच्या बायकांची म्हणून ओळखली जाणारी साठ कबर गावाबाहेर आहे. प्रतापगडाच्या मोहिमेवर निघण्याआधी त्यानं त्यांना बुडवलं, ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी दंतकथा आहे. कबरी मात्र ओळीनं, अनेक रांगांत, एका मापाच्या आहेत, हे डोळ्यांना दिसतं.

वाटेत बारा कमान चुकवू नये. मोहम्मदाचा मुलगा दुसरा अली यानं बापाच्या घुमटाहून मोठा रोझा बांधायला घेतला. जोत्याची बाजू सुमारे 215 फूट. 1672 मध्ये तो वारला तेव्हा काम कमानींपर्यंतच आलं होतं, आणि 12 सप्टेंबर 1686 ला शहर औरंगजेबाच्या हाती गेलं. छत नाही, गिलावा नाही, त्यामुळे गोलघुमटात जे गिलाव्याआड झाकलं आहे ते इथे उघडं आहे. कमानीचा पाय कुठून सुरू होतो, दगड कुठल्या कोनात लावलेत आणि कमान किती उंचीवर आत वळते, हे जवळ उभं राहून तपासता येतं.